दुसरा एरियल

डांबर संपून खडीची वाट जिथे जंगलाकडे वळते, तिथलं शेवटचं दुकान एरियलबाईचं. पत्र्याचं शटर, आत एक लांब टेबल, खिळ्यांना टांगलेली केबलची वेटोळी, आणि दाराशी एक गाडी उभी राहील एवढी फरशी. वडील तारखात्यात होते. त्यांच्याकडून ती सोल्डरिंग शिकली आणि लग्न मोडल्यावर रडत बसण्यापेक्षा तिने हे दुकान थाटलं. अँब्युलन्स असो, खाणीतला डंपर असो, नाहीतर डोंगरात हुंदडायला निघालेल्या हौशी लोकांची जीप असो, वायरलेस बसवायचा म्हटलं की माणसं तिच्याकडेच येत. जंगलखात्याच्या रक्षकांचे चौदाच्या चौदा हातातले सेट तिनेच लावून दिले होते. त्या रक्षकांतला एक तिचा धाकटा भाऊ.

त्या दिवशी ती दुकान उघडून झाडू मारत होती, तेवढ्यात एक मोठी, उंच चाकांची फोर-बाय-फोर दारात येऊन थांबली. गाडी इतकी स्वच्छ धुतलेली की डोळ्यांत खुपावी. टायरच्या खाचांतसुद्धा माती नव्हती. खाली उतरलेला माणूसही तसाच. पन्नाशीचा, सडपातळ, शर्टाची घडी सुरीसारखी. तिने मनातल्या मनात त्याचं बारसं करून टाकलं : कडक इस्त्री. गिऱ्हाइकांना नावं ठेवण्यात ती पटाईत होती. ड्रायव्हर मात्र उतरला नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो समोर बघत बसला.

"ताई, दोन एरियल बसवायचेत," कडक इस्त्री म्हणाला. "एक इथे, बॉनेटच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. आमच्या आमच्या गाड्यांत बोलायला."

"आणि दुसरा?"

"दुसरा दिसायला नको."

असल्या मागण्या तिला नव्या नव्हत्या. पार्किंगमध्ये काडी मोडून नेणारे महाभाग असतात, म्हणून लोक लपवून घेतात.

"लपवा की. पण लोखंडाच्या आड ठेवलात तर तो ठार बहिरा होईल," ती म्हणाली. "तुमच्या टपावर सामानाची फायबरची पेटी आहे. तिच्या पोटात उभा करू. फायबर काही अडवत नाही."

"मी तेच सुचवणार होतो."

"बोलायला, की नुसता ऐकायला?"

"सध्या ऐकायला."

"मग नंबर सांगा. काडी किती लांब कापायची ते नंबरावर ठरतं. त्याशिवाय माझा हात चालणार नाही."

त्याने खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. तिने ती उलगडली आणि दोनदा वाचली.

नंबर तिचा पाठ होता. चौदा सेटमध्ये तिने स्वतःच्या हाताने भरलेला, रक्षकांचा नंबर. पण दुसऱ्यांदा वाचली ती अक्षरामुळे. तारेत एक आणि सात यांचा घोटाळा व्हायला नको, म्हणून वडिलांनी दोघा भावंडांना इंग्रजी साताच्या पोटात आडवी रेघ मारायला शिकवलं होतं. आणि दशांशाच्या टिंबाऐवजी इवलंसं शून्य काढायचं, ही धाकट्याची स्वतःची खोड. दोन्ही त्या चिठ्ठीवर होतं.

"काय झालं ताई? आकडा लागत नाही का?"

"लागतो," ती म्हणाली. "दीड फुटाला थोडी कमी बसेल काडी."

तो चिठ्ठी परत घेऊन खिशात ठेवेपर्यंत तिने चेहरा जागेवर आणला होता. नाही म्हणून बघावं असं तिच्या मनात आलं, पण गाडी दारात आडवी उभी होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि ड्रायव्हर आता समोर बघत नव्हता. आरशातून तिच्याकडे बघत होता.

तिने कामाला हात घातला. बॉनेटच्या कडेचा ब्रॅकेट तासाभरात झाला. मग ती शिडी लावून टपावर चढली, पेटी उघडली आणि तळातून पत्र्याला आरपार भोक पाडलं. एरियल म्हणजे नुसती काडी नव्हे. खालचा पत्रा हा त्याचा अर्धा जीव असतो. भोकाभोवतीचा रंग खरवडून उघडं लोखंड काढायचं आणि त्यावर बूड घट्ट बसवायचं, तर तो नीट ऐकतो. रंग तसाच ठेवला तर जवळचं ऐकू येतं, लांबचं गायब. तिने रंग तसाच ठेवला. वायसर चढवलं आणि पाना फिरवायला घेतला.

"ताई," खालून आवाज आला. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढून कडक इस्त्री पेटीत डोकावत होता. "रंग काढायचा राहिलाय."

"अगं बाई, हो की," ती म्हणाली. आपला आवाज आपल्यालाच खोटा वाटावा असा निघाला. "वय झालं आता. विसरायला होतं."

"होतं असं. सावकाश करा. आम्हाला घाई नाही."

तिने वायसर काढलं आणि पत्रा चांदीसारखा चकाकेपर्यंत खरवडला. तो पायरीवरून हलला नाही. रुमालाने चष्मा पुसत सहज गप्पा मारल्यासारखा म्हणाला, "तुमच्या हाताची फार तारीफ ऐकली होती. वडिलांनी शिकवलं ना? तो सांगत असतो. तायडे म्हणतो ना तुम्हाला?"

तिचा हात थांबला. सगळं जग तिला ताई म्हणायचं, बाई म्हणायचं. तायडे म्हणणारा जगात एकच होता. तोही चारचौघांत म्हणत नसे.

यापुढे जे विचारेल त्याचं उत्तर द्यायचं नाही आणि हातातलं काम संपवायचं, एवढंच तिने ठरवलं.

केबल टपावरून आत घेऊन ड्रायव्हरच्या मागच्या सीटखालून पुढे न्यायची होती. त्यासाठी तिने मागची रबरी चटई उचलली. फिनाईलचा वास भपकन नाकात गेला. चटई धुतलेली होती, पत्रा धुतलेला होता. पण सीटची रूळपट्टी कुणी खोलून धूत नाही. केबल सरकवताना तिची बोटं त्या पट्टीच्या खोबणीत गेली आणि एक धातूचा तुकडा हाताला लागला. तिने तो मुठीत घेतला आणि केबलच्या आडोशाने पाहिला.

वायरलेस सेट कमरेला अडकवायची क्लिप. कंपनीच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा महिन्याभरात तुटतात, म्हणून रक्षकांसाठी तिने करवतीच्या जुन्या पात्यांच्या क्लिपा करून दिल्या होत्या. प्रत्येकीवर पंच मारून आकडा. या क्लिपवर नऊ होता.

नऊ नंबरचा सेट लंबूचा. लंबू म्हणजे धाकट्याचा गस्तीचा जोडीदार, सहा फूट दोन इंच. दुकानात आला की कपाळ शटरला आपटून घ्यायचा आणि वर शटरलाच "सॉरी" म्हणायचा. सात आठवड्यांपूर्वी तो दरीच्या तळाशी सापडला होता. पाय घसरला, असं खात्याने सांगितलं. सेट मात्र सापडला नव्हता.

तिने क्लिप ब्लाउजमध्ये सरकवली. लोखंड छातीला गार लागलं. मग तिने केबल पुढे ओढली, टोकाला जोड सोल्डर केला आणि मीटर लावला. सुई जिथे राहायला हवी तिथे राहिली. इतकी वर्षं अशी सुई बघून तिला बरं वाटायचं.

कडक इस्त्रीने डॅशबोर्डखालचा सेट सुरू केला. थोडी खरखर झाली आणि गाडीत माणसाचा आवाज भरला, अगदी मागच्या सीटवर बसून बोलावं इतका जवळचा.

"वरच्या नाक्यावर पोचलो. सगळं ठीक. दोनला खाली उतरतोय."

धाकट्याचा आवाज. वरचा नाका तिथून बावीस किलोमीटर होता.

"वा," कडक इस्त्री म्हणाला. "आमचा हातातला सेट दरीत उतरलं की मुका व्हायचा. आता कसं सगळं घरबसल्या." तो गाडीत बसला, काच खाली केली आणि तिच्याकडे बघून मान डोलावली. "आता या गाडीला तुमचाही हात लागला, ताई. लक्षात असू द्या."

गाडी खडीवर वळली आणि जंगलाच्या बाजूला गेली. तिने गाडीचा नंबर टेबलावरच्या खोक्यावर लिहिला. लिहिताना सातात रेघ मारली आणि पेन तिथेच टाकलं.

साडेचारला ती धाकट्याच्या घरी पोचली. भावजय मुलीला शाळेतून आणायला गेली होती. धाकटा स्वयंपाकघरात उभ्यानेच पाणी पीत होता, अंगावर अजून खाकी. तिने काही न बोलता क्लिप ओट्यावर ठेवली.

त्याने आकडा पाहिला. तांब्या हातातच राहिला.

"कुठे मिळाली?"

"ज्याला तू चिठ्ठी लिहून दिलीस त्याच्या गाडीत. आज मी त्याला एरियल बसवून दिलाय. तुझा आवाज किती छान येतो म्हणून सांगू."

तो भिंतीला टेकून खालीच बसला. तीही त्याच्यासमोर फरशीवर बसली. लहानपणी भांडण झालं की दोघं असेच बसायचे, पण तेव्हा तो रडायचा. आता त्याचे डोळे कोरडे होते.

"नंबर मी दिला, तायडे," तो म्हणाला. "वर्ष झालं. मला वाटलं, आपण कुठे आहोत हे त्यांना कळलं तर ते आपल्या वाटेला येणार नाहीत. ते त्यांची लाकडं नेतील, आपण आपली गस्त घालू. कुणी कुणाच्या समोर नको आणि कुणाला इजा नको."

"आणि लंबू?"

"त्याला काहीतरी दिसलं होतं. काय ते सांगत नव्हता. एकटाच पलीकडच्या डोंगराच्या धारेवर गेला. मी सेटवर विचारलं, कुठे आहेस. त्याने सांगितलं." धाकट्याने तोंडावरून हात फिरवला. "मी विचारलं म्हणून सांगितलं त्याने. ते ऐकत होते."

नळ ठिबकत होता, तो तिने उठून बंद केला.

"चल," ती म्हणाली. "तुझ्या साहेबांकडे जाऊ. तू स्वतःहून सांगितलंस तर फरक पडेल."

"साहेबांकडे नको." तो ताडकन उभा राहिला. "तायडे, पाया पडतो तुझ्या. क्लिप नदीत टाक, दुकान बंद कर, चार महिने मावशीकडे जाऊन राहा. पण साहेबांकडे जाऊ नकोस."

"घाबरतोस होय आता? लंबूच्या बायकोच्या डोळ्याला डोळा कसा भिडवलास सात आठवडे?"

"घाबरतो," तो म्हणाला. "तू म्हणशील ते. पण जाऊ नकोस."

तिला वाटलं, कातडी वाचवतोय. ती क्लिप उचलून निघाली. तो दारापर्यंत मागे आला, पण तिला अडवलं नाही.

जंगलखात्याचे साहेब अजून कचेरीत होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. क्लिप उलटीपालटी करून पाहिली आणि टेबलाच्या खणात ठेवली. गाडीचा नंबर एका कागदावर उतरवून घेतला.

"सख्ख्या भावाविरुद्ध बोलायला मोठं काळीज लागतं," ते म्हणाले. "आणखी कुणाला सांगितलंत?"

"कुणाला नाही."

"नकाच सांगू. तपासाच्या दृष्टीने."

धाकट्याला अर्ध्या तासात घरातून उचललं. एरियलबाई तिथे पोचली तेव्हा दारात भावजय मुलीचा हात धरून उभी होती. तिने नणंदेकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कधी पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात साहेबांनी नंबर बदलायला सांगितलं. चौदापैकी लंबूचा सेट हरवलेला, धाकट्याचा जप्त. उरलेले बारा सेट तिच्या टेबलावर आले. नवा नंबर साहेबांनी बंद पाकिटातून पाठवला. तिने तो भरला, पाकीट जाळलं, आणि तपासायला म्हणून दुकानातल्या आपल्या सेटमध्येही घातला. फोर-बाय-फोरचा पत्ता लागला नव्हता. नाकाबंदी चालू आहे, एवढंच साहेब सांगत.

दहाव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला तिच्या सेटचा हिरवा दिवा लागला. कुणीतरी बोलायचं बटण दाबून धरलं होतं. पण आवाज नव्हता. नुसती पोकळ शांतता, आणि तिच्या तळाशी इंजिनाची बारीक घरघर. बावीस सेकंद. मग दिवा विझला.

तिने एकेका रक्षकाला हाक देऊन विचारलं. बाराही जणांनी उत्तर दिलं. बटण कुणीच दाबलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनला दिवा लागला. या वेळी तिची नजर जोर दाखवणाऱ्या सुईवर होती. हातातल्या सेटने ती सुई कधी निम्म्यापुढे जात नसे. आज ती टोकाला जाऊन टेकली. एवढा जोर लावील असा, या नंबराच्या मापाचा एरियल त्या डोंगरात एकच होता. त्याची काडी तिने कापली होती, त्याच्याखालचा पत्रा तिने खरवडला होता. पण नवा नंबर? तो तिने कुणाला सांगितला नव्हता. बारा रक्षकांच्या सेटमध्ये तो आकड्यात दिसतही नव्हता, नुसतं एक बटण होतं. आकडा माहीत असलेली माणसं दोनच, ती आणि पाकीट पाठवणारा.

तिने सेट बंद केला. मग वाटलं, बंद केल्याचंही त्यांना कळेल की काय, आणि उगाचच पुन्हा चालू केला.

तुरुंगात भेटीचा दिवस शुक्रवार. मध्ये जाळी, दोन्हीकडे बाकं, कोपऱ्यात एक शिपाई. धाकटा दोन आठवड्यांत निम्मा झाला होता.

"चिठ्ठी तू त्या इस्त्रीवाल्याच्या हातात दिलीस का?" तिने बसता बसता विचारलं.

त्याने शिपायाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नाही. त्याला मी पाहिलंही नाही कधी."

"मग?"

"साहेबांना दिली. त्यांनीच मागितली. नंबर त्यांना ठाऊकच होता, पण अक्षर माझं हवं होतं. वाटेला कुणी येणार नाही, कुणाला इजा होणार नाही, हे सगळं बोलणं त्यांचंच. मला पटलं, हा माझा गुन्हा. आणि त्या दिवशी लंबू कुठे आहे ते विचार, हेही त्यांनीच सांगितलं. शेजारी उभे होते." जाळीत त्याची बोटं अडकलेली होती. "मी तुझं नाव घेतलंय त्यांच्यापुढे शंभरदा. तायडे अशी, तायडे तशी. वाटलं होतं, माझा साहेब आहे."

"मग त्या दिवशी का नाही बोललास, गाढवा?"

"तुला कळलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. तुला खोटं जमत नाही." तो थांबला. "वकिलाने माझ्यावरचे कागद वाचून दाखवले. त्यात क्लिप नाही, तायडे. गाडीचा नंबरही नाही. तू कचेरीत गेली होतीस हेच कुठे लिहिलेलं नाही."

शिपाई वेळ संपल्याचं सांगत आला. ती उठली.

"न्यायाधीशापुढे सांगशील हे सगळं?"

"सांगेन. पण तोवर तू..." त्याने वाक्य पुरं केलं नाही.

ती दुकानात गेली नाही. थेट लंबूच्या घरी गेली. लंबूची बायको अंगणात कपडे वाळत घालत होती. दोरी फार उंच बांधलेली होती, नवऱ्याच्या मापाची, त्यामुळे ती स्टुलावर उभी होती. एरियलबाईने खाली उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली. बाई स्टुलावरून उतरली, ओला शर्ट बादलीत टाकला आणि म्हणाली, "आत या. बसून सांगा." आणि दाराला आतून कडी घातली.

सगळं ऐकून झाल्यावर तिने एकच प्रश्न विचारला. "तुमच्या भावाने विचारलं, म्हणून यांनी सांगितलं. असंच ना?"

"असंच."

"मग तुमचा भाऊ मला कधी दिसायला नको," लंबूची बायको म्हणाली. "पण मी येते. उद्या सकाळच्या बसने निघू. जिल्ह्याच्या कोर्टात माझ्या नावाने अर्ज करू. मेलेल्याची बायको दारात उभी राहिली की त्यांना कागद करावाच लागतो."

सकाळी बसथांब्यावर त्या दोघी आणि एक दूधवाला, एवढेच होते. बस दिसायला लागली तेव्हाच खात्याची जीप येऊन त्यांच्यासमोर थांबली. साहेब स्वतः चालवत होते. त्यांनी काच खाली केली.

"काय, दोघी कुठे निघालात?"

एरियलबाई येणाऱ्या बसकडे बघायला लागली. तिला खोटं जमत नव्हतं.

"माहेरी," लंबूची बायको म्हणाली. "आईला बरं नाही. ताई सोबत येतायत."

"अच्छा." साहेब एरियलबाईकडे बघत राहिले. "दुकान बंद ठेवणार? सेट बिघडले तर पंचाईत होईल आमची."

"दोन दिवसांत येते," ती म्हणाली.

बस सुटली. मागच्या काचेतून जीप दिसत होती. पहिलं वळण झालं, पूल झाला, जीप मागे होतीच. दोघी एकमेकींचा हात घट्ट धरून बसल्या होत्या, आणि कुणी आधी धरला ते दोघींनाही सांगता आलं नसतं. फाट्यावर जीप थांबली. धुळीत तिचा पिवळा इंडिकेटर लुकलुकला आणि ती जंगलाकडे वळली.

जबाब लिहून घ्यायला दुपार झाली. लिहिणारी कारकून बाई शेवटी शेवटी लिहायची थांबून नुसती ऐकत होती. चौथ्या दिवशी वरून माणसं आली आणि साहेबांच्या खोलीला सील लागलं. खणात क्लिप नव्हती. साहेब घरीही नव्हते. जीप नदीकाठी सापडली, किल्ली आत, दारं उघडी. धाकट्याला दुसऱ्या तुरुंगात हलवलं. लंबूच्या कागदावर पाय घसरल्याची ओळ खोडून खून असं लिहिलं गेलं.

फोर-बाय-फोर मात्र अजून मिळालेली नाही. एरियलबाईला पोलिसांनी दुसऱ्या गावी एक खोली बघून दिली आहे. दुपारी तीन वाजले की ती उठून खिडकीचा पडदा ओढते, आणि रस्त्यावरून एखादी मोठी गाडी गेली की तिचा आवाज पुरता विरेपर्यंत हातातलं काम थांबवते.